तो वर्गातून पळतो, पण कधी?

पत्राचा सारांश: इंदूरमधल्या एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत केजी-टूला शिकवणाऱ्या मराठी शिक्षिकेचं हे पत्र. वर्गात ३१ मुलं, मदतीला एक दीदी. एक मुलगा जागेवर बसत नाही, दिवसातून चार-पाच वेळा वर्गाबाहेर पळतो, घंटा वाजली की कान झाकून ओरडतो. ‘कॉपी (वही) तपासायला बसले की तो हमखास पळतो,’ असं त्या लिहितात. दुसऱ्या मुलाला हाक मारली तर कधी वळून बघतो, कधी नाही. तिसरा अक्षरं उलटी काढतो आणि त्याचे वडील ‘डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट काढायचं का’ म्हणून मागे लागलेत. एक मुलगी एप्रिलपासून वर्गात एक शब्द बोललेली नाही. आई म्हणते, घरी ती मराठीत अखंड बडबडते. पळणाऱ्या मुलाबद्दल प्राचार्यांचा निर्णय जवळजवळ झालाय: ‘मॅडम, इसे स्पेशल स्कूल भेजने का बोल दो, बाकी बच्चों का नुकसान हो रहा है.’ शिक्षिका विचारतात: ‘चौघांसाठी चार वेगळे पाठ मी रात्री बसून तयार करते, सकाळी सगळं कोसळतं. उरलेल्या २७ मुलांवर मी अन्याय करते आहे का? त्या मुलाला पाठवून द्यावं का?’

ताई,

रात्रीचे चार पाठ आजपासून बंद करा. तुमची मेहनत कमी पडत नाहीये, ती चुकीच्या जागी जातेय. जितक्या तऱ्हेची मुलं तितके पाठ, हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण ३१ मुलांच्या वर्गात ते तिसऱ्या दिवशी मोडतं. मग मोडल्याचा दोष एकतर शिक्षिका स्वतःकडे घेते किंवा मुलाच्या माथी मारला जातो.

कोण काय करतो, हे तुम्ही बारकाईने लिहिलंय. कधी करतो, हे मात्र एकदाच आलंय, तेही ओघात: कॉपी तपासताना. तिथेच थोडं थांबू. ३१ कॉप्या, एकेकीला ४० सेकंद धरले तरी वीस मिनिटं होतात. त्या वीस मिनिटांत पाच वर्षांच्या मुलाने करायचं काय? रांगेत उभं राहायचं, नाहीतर तोंडावर बोट ठेवून बसायचं. तो पळतो. बाकीची चिमटे काढतात, पेन्सिलीला टोक करत बसतात, किंवा नुसती बसतात, म्हणून ती आपल्याला शहाणी वाटतात. नुकसान होतंय हे प्राचार्यांचं म्हणणं बरोबर आहे. ते रांगेमुळे होतंय की त्या मुलामुळे, एवढंच तपासायचं आहे.

त्यासाठी पाच दिवस एक कागद ठेवा, वेळ आणि तीन रकाने. आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा कशातून सुटका झाली. ‘हट्ट केला’, ‘त्रास दिला’ असे शब्द त्यात नकोत. ‘९.४०, रांगेत सहावा, दारातून बाहेर, दीदी मागे गेली, पाणी पाजून आणलं’ असं लिहा. बहुतेक जणी तिसरा रकाना रिकामा ठेवतात, आणि खरी किल्ली त्यातच असते. दीदीबरोबर चालत जाऊन पाणी प्यायला मिळत असेल तर पळणं हा त्याच्यापुरता फायद्याचा सौदा आहे. लिहायला दिलं की पळत असेल तर ती लिहिण्यातून सुटका. घंटेच्या आसपास पळत असेल तर कारण आवाज. कसलाच नेम दिसला नाही, कुणी बघो न बघो तो सारखा हलत असेल, तर त्याच्या शरीराला हालचाल हवी आहे. वरून चारही एकसारखंच दिसतं, पण उपाय वेगळे आहेत. आवाजाने घाबरून पळणाऱ्याला चांदणी चिकटवण्याचं आमिष दाखवून काही होत नाही.

कागद भरत असतानाच रांग मोडा. याने चौघांचं नाही, एकतिसांचं भलं होतं. चार सतरंज्या, आठ-आठ मुलं, एकीवर सात. एका सतरंजीवर तुम्ही, दुसरीवर दीदी, उरलेल्या दोन आपापल्या चालणाऱ्या. बारा मिनिटांनी जागा बदलायची, टिफिनच्या आधी रोज दोनच फेऱ्या. म्हणजे प्रत्येक गट एक दिवसाआड तुमच्याजवळ येतो. आठ कॉप्या तिथेच, मुलाच्या शेजारी बसून, पाच-सहा मिनिटांत होतात आणि चूक कुठे झाली ते मुलाला त्या क्षणी दिसतं. रांगेच्या शेवटी मारलेल्या लाल खुणेतून पाच वर्षांचं मूल काही शिकत नाही.

हे कुठे फसतं, तेही सांगते. पहिल्याच दिवशी चार गट केले तर गोंधळ ठरलेला. पहिला आठवडा दोनच गट करा, एक तुमचा, एक दीदीचा. नंतर तीन, मग चार. आपापल्या चालणाऱ्या सतरंजीवर नवं काम कधीच ठेवायचं नाही. मुलांना डोळे मिटून येतं तेच ठेवायचं. नवीन ठेवलं की दर मिनिटाला ‘मॅडम, ये कैसे करना है’ सुरू होतं आणि तुमचा गट वाऱ्यावर जातो. मातीकाम, कोडी, झाकणांच्या रंगाच्या रांगा चालतील. आपल्या शहरातल्या मुलांना एक खेळ आयता येतो: चित्रांची कार्डं ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यांत टाकणं. केळ्याचं साल कुठे आणि पुठ्ठा कुठे, हे इंदूरचं पोर आपल्या आजीलाही शिकवतं, मग वर्गीकरण म्हणून तेच का वापरू नये? फक्त चिंचोके, राजमा, हरभरे टाळा. या वयात ते नाकात जातात. बाटल्यांची मोठी झाकणं बरी.

मग चौघांचं वेगळं काय? साहित्य सगळ्यांना एकच ठेवा, त्यात शिरायचे रस्ते तीन ठेवा. समजा सहा हा आकडा चालू आहे. तीस अंड्यांचा कागदी ट्रे सहा बाय पाच खळग्यांचा असतो. तो कापून दोन बाय पाचचे तीन तुकडे करा. (शाळेत अंड्याचा ट्रे पाहून कुणाच्या कपाळावर आठ्या पडत असतील तर पुठ्ठ्यावर दहा चौकोन आखा.) एक मूल खळग्यात एक-एक झाकण ठेवत सहापर्यंत मोजेल. दुसरं वरची ओळ भरली की ‘पाच आणि एक’ म्हणेल. तिसरं दोन रंगांची झाकणं घेऊन चार-दोन, तीन-तीन अशा फोडी करेल. सतरंजी एक, तयारी एकदाच. आणि कोण कुठून शिरेल हे रोज बदलू द्या. ‘कच्च्या मुलांचा गट’ असा कायमचा गट करू नका, मुलांना तो दोन दिवसांत ओळखू येतो.

सूचनांचंही तसंच. ‘पुस्तक काढा, पान बारा उघडा, तारीख घाला’ ही आपल्याला एक सूचना वाटते, प्रत्यक्षात त्या तीन आहेत. एक सांगा, हाताने खूण करा, मनात पाच आकडे मोजा, मग दुसरी. प्रश्न विचारल्यावरही तेवढंच थांबा. आपण साधारण एका सेकंदात उत्तर स्वतःच देऊन टाकतो किंवा दुसऱ्याकडे वळतो. ते तीन-चार सेकंदांवर नेलं तरी एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात. ऐकायला सोपं, करताना फार अवघड. पहिले काही दिवस ती शांतता खायला उठते.

आता पळणाऱ्या मुलाकडे. हालचाल हवी असणाऱ्या मुलाला बसायला लावण्याआधी काम द्या: कॉप्यांचा गठ्ठा नेऊन ठेवणं, पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट ढकलणं, फळा पुसणं. अंगाला जोर लागेल असं दोन-तीन मिनिटांचं काम, गोलात बसण्याच्या अगोदर. पळून आल्यावर दिलं तर ते बक्षीस ठरतं. त्याची जागा सतरंजीच्या टोकाला, भिंतीलगत ठेवा आणि रंगीत चिकटपट्टीने दीड फुटाचा चौकोन आखा. ‘नीट बस’ म्हणजे काय ते त्याला कळत नाही, चौकोन कळतो. बेंचवर बसत असेल तर पाय लटकताहेत का पाहा. लटकते पाय सारखे हलतात आणि हाताचा जोरही जातो. घरात पडून असलेला जुना पाट पायांखाली दिला की काम होतं.

दिवसभराचा क्रम चित्रांत लावा. चार-पाच कार्डं पुरतात: गोष्ट, सतरंजी, टिफिन, मैदान, घर. ही पट्टी बऱ्याच वर्गांत लागते आणि आठवड्यात मरते, कारण एकदा भिंतीवर चिकटवली की कुणी तिला हात लावत नाही. काम संपलं की त्या मुलाने स्वतः कार्ड उलटं करायचं, तरच तिचा उपयोग. बदलाच्या आधी पाच मिनिटं आणि मग एक मिनिट असं दोनदा सांगा. घंटेचंही तसंच: एक मिनिट आधी ‘आता घंटा’ सांगून त्याचे हात त्यालाच कानावर ठेवू द्या. मोठ्याने गाणं वाजवत येणारी कचरागाडी गल्लीत यायची वेळ साधारण ठरलेली असेल, तर त्या वेळी त्याला खिडकीपासून लांब, मातीकामावर बसवा. डोळ्यांत डोळे घालून बोलायचा आग्रह नको. काही मुलांना बघणं आणि ऐकणं एकाच वेळी जमत नाही.

कोपऱ्यात टेबलावर चादर टाकून एक शांत जागा करा. ती शिक्षेची नाही, आणि पळवाटही नाही. तीन-चार मिनिटांचं वाळूचं घड्याळ, मग परत त्याच कामाकडे, पण काम कमी करून: सहा ओळींऐवजी दोन. काम पूर्ण माफ केलंत तर उद्या तो दहा वेळा त्या कोपऱ्यात असेल.

दीदीला एक गोष्ट आवर्जून सांगा. हात धरून लिहून घेणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. आधी वाट बघायची, मग खूण, मग शब्द, मग करून दाखवणं, आणि अगदीच नाही जमलं तर मनगटाला हलका स्पर्श. मायेपोटी उलट्या क्रमाने केलं जातं आणि चार महिन्यांनी मूल दीदी आल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही. पालकांनी पैसे देऊन ठेवलेल्या ‘शॅडो टीचर’बद्दलही माझं हेच म्हणणं: ती एका मुलाला शिवलेली असेल तर ते मूल वर्गात असूनही वर्गात नसतं. तिला सतरंजीवर आठ मुलांत बसवा.

हाक ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्याचं सगळ्यात आधी हातात घ्या, कारण तिथे उशीर महाग पडतो. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्याआड पाणी साचणं फार सामान्य आहे. त्यात ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं, म्हणून मूल ‘मनात आलं तर ऐकतं’ असं वाटतं. वर्गात एक खेळ करून बघा. त्याच्या मागे एक मीटरवर उभं राहा, भरतकामाच्या रिंगला पातळ कापड ताणून तोंडासमोर धरा (तळहात धरू नका, आवाज दबतो) आणि सहा आवाज एक-एक करून नेहमीच्या आवाजात काढा: ऊ, आ, ई, आणि स्वर न जोडता लांबवलेले म्, श्, स्. आवाज आला की त्याने डब्यात झाकण टाकायचं. मधलं अंतर कमी-जास्त ठेवा, नाहीतर मुलं ताल पकडून टाकतात. मग तीन मीटरवरून पुन्हा. एखादा आवाज दोन-तीनदा सुटला, किंवा सर्दीत सुटला आणि बरा झाल्यावर आला, तर ते तारखेसह लिहा आणि पालकांना कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा, इंदूरच्या सरकारी एम. वाय. रुग्णालयातही तो विभाग आहे. पडद्याआड पाणी आहे का हे बघणारी टिम्पॅनोमेट्री काही मिनिटांत होते, मुलाला उत्तर द्यावं लागत नाही. खेळात सगळे आवाज आले तरी शंका असेल तर तपासणी करून घ्यावी, कारण हा खेळ म्हणजे निदान नव्हे. तोवर त्याला पंख्यापासून दूर, तुमच्यापासून दोन मीटरच्या आत बसवा, आणि खिडकीकडे पाठ करून बोलू नका. उजेड तुमच्या मागे असला की तुमचे ओठ त्याला दिसत नाहीत.

उलटी अक्षरं काढणाऱ्या मुलाच्या वडिलांना सांगा की पाच-सहा वर्षांच्या मुलाने इंग्रजीतली बी-डी उलटसुलट काढणं वाढीचाच भाग आहे. साधारण सातव्या वर्षापर्यंत ते बऱ्याच मुलांत दिसतं. वाचन-लेखनाच्या विशिष्ट अक्षमतेचं (डिस्लेक्सिया त्यातच येतो) प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी मिळत नाही, आणि आजची मदत त्या कागदावर अडलेलीही नाही. रोजचं साधं काम असं: बी आणि डी एकाच आठवड्यात शिकवू नका, निदान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. बी उभ्या रेघेपासून सुरू होते, डी गोलापासून. हाताला ही सुरुवात पक्की झाली की डोळा आपोआप सुधारतो. स्टीलच्या थाळीत रव्याचा पातळ थर देऊन बोटाने गिरवून घ्या, आकार मोठा. हिंदीच्या तासाला घ-ध, भ-म, ब-व या जोड्याही अशाच लांब ठेवा. आणि ऱ्हस्व वेलांटी मुलाने अक्षराच्या नंतर काढली तर रागावू नका. ‘दिन’ म्हणताना आधी द ऐकू येतो, मग इ. लिहिताना मात्र इ आधी काढावी लागते. कानाने ऐकलं तसं त्याने लिहिलं आहे. उलट काळजी कशाची करायची? ‘कमल’ कोणत्या आवाजाने सुरू होतं हे वर्षअखेरीसही सांगता येत नसेल, यमकं जुळत नसतील, रोजच्या वस्तूंची नावं आठवत नसतील, तर ते लिहून ठेवा आणि पहिलीच्या शिक्षिकेला द्या.

प्राचार्यांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. दोन आठवड्यांचा कागद न्या: रांग असताना किती वेळा पळाला, रांग मोडल्यावर किती. हे आकडे ‘मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं’ यापेक्षा जास्त चालतात. कायदाही तुमच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम १६ मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश देण्याचं आणि सोयी करण्याचं बोलतं. पण कायदा पहिल्या वाक्यात काढू नका, त्याने दार बंद होतं. एनसीईआरटीची ‘प्रशस्त’ ही दिव्यांगत्वाची पहिली चाचपणी करणारी तपासयादी तुम्हाला कामाची आहे; तिचा पहिला भाग तुमच्यासारख्या नेहमीच्या शिक्षकानेच भरायचा असतो, दुसरा विशेष शिक्षकाने.

सहा आठवडे हे सगळं करूनही पळणं कमी झालं नाही, बोलण्या-खेळण्यातही तो इतरांपेक्षा वेगळा दिसत असेल, तर बालविकास तपासणी हवीच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर लवकर हस्तक्षेप केंद्रांची सोय केलेली आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. बालरोगतज्ज्ञाकडून सुरुवात करायलाही हरकत नाही. आईवडिलांशी बोलताना शाळा सुटायच्या वेळी, फाटकात, चार आयांसमोर विषय काढू नका. बसवून बोला, शक्यतो दोघांना, आजी सांभाळत असेल तर तिलाही. आधी त्याला काय चांगलं येतं ते, मग तारीख-वेळेसह तुम्ही पाहिलेलं. ऑटिझम, एडीएचडी हे शब्द तुमच्या तोंडून येऊ नयेत. ते ठरवायचं काम डॉक्टरांचं. विशेष शाळा वाईट असते असं मी म्हणत नाही. काही मुलांना तिथली शिस्त आणि थेरपी खरंच लागते. पण तो निर्णय तपासणीनंतर, आईवडिलांनी घ्यायचा असतो. कॉपीच्या रांगेत पळतो म्हणून कुणी तो घेऊ नये.

गप्प मुलीचं मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तिच्या बाबतीत करण्यापेक्षा न करण्याचं जास्त आहे. घरी मराठी, मधल्या सुट्टीत हिंदी, फळ्यावर इंग्रजी. नव्या भाषेत पडलेलं मूल काही महिने नुसतं ऐकतं, हे नेहमीचं आहे. शाळेत कुणी तिच्या आईला ‘घरी इंग्रजीच बोला’ असं सांगितलं असेल तर ते तुम्ही मोडून काढा. घरची मराठी पक्की असेल तर त्यावर पुढच्या भाषा उभ्या राहतात. मोडक्या इंग्रजीत बोलणारी आई ही त्या मुलीला दुहेरी तोटा. तुम्ही मराठी आहात, तेव्हा एक तपासणी फक्त तुम्हीच करू शकता: कुणी नसताना तिच्याशी मराठीत बोला. मराठीत हळूच बोलली तर प्रश्न बहुधा भाषेचा, वेळ द्या. तुमच्याशी मराठीतही, महिनाभर, ओठ घट्ट मिटूनच राहिली, तर ती शाळेत बोलण्याची भीती असू शकते. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा बालमानसशास्त्रज्ञ पाहावा, आणि लवकर, कारण गप्प राहण्याची सवय मुरते.

तोवर तिला न बोलता भाग घेता येईल असं ठेवा: बोट दाखवणं, कार्ड उचलणं, हजेरीला हात. ‘काय झालं, बोल ना’, ‘बोललीस तर चॉकलेट’ हे दोन्ही बंद. सतरंजीवर तिच्याशेजारी मराठी किंवा मवाळ स्वभावाची एकच मैत्रीण ठेवा. होकार-नकाराच्या प्रश्नांऐवजी ‘लाल की निळं?’ असे दोन पर्यायांचे प्रश्न विचारा आणि पाच आकडे मोजून थांबा. उत्तर नाही आलं तर सहज पुढे जा, चेहऱ्यावर काही न दाखवता. आणि ज्या दिवशी ती ‘निळं’ म्हणेल, त्या दिवशी टाळ्या वाजवू नका, वर्गाला सांगू नका, दीदीकडे बघून डोळेही मोठे करू नका. ‘बरं, हे घे निळं,’ म्हणा आणि पुढच्या मुलाकडे वळा.